मरंबिजी नदी: पाणी हिवाळ्याचं, धार उन्हाळ्याची

प्रश्न असा आला आहे: मुलगी ऑस्ट्रेलियात वॉगा वॉगाला, चार्ल्स स्टर्ट विद्यापीठात शिकायला गेली आहे. फोनवर सारखा तिथल्या नदीचा विषय निघतो. शाळेत 'मरे-डार्लिंग' ही जोडी पाठ केली होती, पण मरंबिजीचं नाव कधी कानावर आलं नव्हतं. ही नदी कुठून निघते, कुठे जाते, आणि तिथल्या लोकांना तिचं एवढं काय?

मी आधी महाराष्ट्रात पाटबंधाऱ्याच्या कामावर होतो आणि नंतर बरीच वर्षं ह्याच नदीच्या लाभक्षेत्रात कालव्यांच्या कामावर. त्यामुळे उत्तर भूगोलाच्या पुस्तकापेक्षा पाटकऱ्याच्या नजरेचं जास्त होईल, तेवढं चालवून घ्या.

मरंबिजी ही आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याची नदी. लांबी सुमारे १,४८५ किलोमीटर, म्हणजे गोदावरीपेक्षा जराशी जास्तच. पाणलोट मात्र ८४ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, गोदावरीच्या खोऱ्याच्या पावाहून जराशीच जास्त. ती मरेला मिळते आणि मरे पुढे दक्षिण ऑस्ट्रेलियात समुद्राला. तुम्ही पाठ केलेलं मरे-डार्लिंग खोरं दहा लाख चौरस किलोमीटरहून मोठं आहे. त्यात मरंबिजीचा वाटा आठ टक्क्यांच्या घरात. पण त्या अख्ख्या खोऱ्यात शेतीसाठी आणि शहरांसाठी जेवढं पाणी नदीतून उचललं जातं, त्यातला मरंबिजीचा वाटा ह्या आठ टक्क्यांच्या दुपटीहून जास्त भरतो. तिच्याबद्दल एवढं बोललं का जातं, त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं तिच्या वेळापत्रकात आहे. तिकडे जून ते ऑगस्ट हिवाळा, सप्टेंबर ते नोव्हेंबर वसंत. ह्या नदीचं पाणी मुख्यतः हिवाळ्यातला पाऊस आणि वसंतात वितळणारं डोंगरावरचं बर्फ ह्यांचं. म्हणजे नदी मुळात हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात भरायची, आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात रोडावून डोहाडोहांत उरायची. आज मधल्या पट्ट्यात चित्र बरोबर उलटं आहे. हिवाळ्यात पाणी धरणात अडतं आणि भर उन्हाळ्यात, पिकं मागतील तसं, काठोकाठ सोडलं जातं. इथली झाडं, मासे, पक्षी, गावं, भांडणं, निवडणुका, सगळं ह्या एका उलटापालटीभोवती फिरतं.

आता वरून खाली येऊ.

उगम कॉझ्युस्को राष्ट्रीय उद्यानात, पेपरकॉर्न टेकडीपाशी. तिथून नदी आधी दक्षिणेकडे जाते, ॲडामिनाबीवरून कूमाच्या बाजूला येते आणि मग मोठं वळण घेऊन उत्तरेकडे वळते. कॅनबेराच्या पश्चिमेकडून जाते आणि मगच पश्चिमेची वाट धरते. नकाशावर बोट फिरवलंत तर गळासारखा आकार दिसेल. समुद्र पूर्वेला, दीड-दोनशे किलोमीटरवर. पण मधे ग्रेट डिव्हायडिंग रेंजची रांग आडवी असल्याने हे पाणी तिकडे पाठ फिरवून आत, सपाट कोरड्या मुलखात उतरतं.

उगमाजवळच तिला पहिला धक्का बसतो. १९६० साली टँटंगारा धरण झालं आणि तिथपर्यंत येणारं जवळपास सगळं पाणी बोगद्याने युकंबीन जलाशयात वळवलं गेलं. हा स्नोई माउंटन्स योजनेचा भाग. १९४९ ते १९७४ ह्या काळात झालेली ही योजना समजायला मराठी माणसाला कोयना आठवली तरी पुरे. कोयनेत आपण पूर्वेकडे जाणारं पाणी बोगद्यातून पश्चिमेला, पोफळीकडे पाडून वीज काढतो आणि ते अरबी समुद्राला जातं. स्नोईत दिशा उलटी आहे. आग्नेयेला समुद्राकडे जाणारं स्नोई नदीचं पाणी डोंगराच्या पोटातून आतल्या बाजूला आणलं, वाटेत त्यावर वीज केली आणि मग ते मरे आणि मरंबिजीत सोडून शेतीला दिलं. म्हणजे कोयनेत विजेसाठी सिंचनाचं पाणी जातं असा जो वाद आपल्याकडे चालतो, तो तिथे शेतकऱ्याला घालावा लागत नाही. तिथे कुरकुर करायची वेळ आली ती स्नोई नदीवर, आणि टँटंगाराखालच्या मरंबिजीवर. युकंबीनची क्षमता ४,७९८ गिगालिटर. एक टीएमसी म्हणजे २८.३ गिगालिटर, त्या हिशेबाने १६९ टीएमसी. एकट्या कोयनेच्या दीडपटीहून जास्त.

टँटंगारात वळवलेलं मरंबिजीचं पाणी युकंबीनमधून ट्युमट नदीत येतं, आणि ट्युमट पुन्हा मरंबिजीलाच मिळते. कागदावर हिशेब जुळतो: पाणी नदीचं नदीला परत मिळालं. पण मधला जो शेकडो किलोमीटरचा तुकडा आहे, कूमा, ब्रेडबो, थारवा, त्याला ते कधी दिसतच नाही. २०१९ च्या दुष्काळात थारवापाशी नदी वाहायची थांबली होती. देशाच्या राजधानीच्या वेशीवर कोरडं पात्र. त्यानंतर वरच्या पट्ट्यासाठी जास्त पाणी सोडण्याची मागणी जोर धरू लागली, आणि माझ्या मते ती रास्त आहे. वर्षानुवर्षं सगळ्यांचं लक्ष धरणाखालच्या नदीकडेच होतं.

राजधानीचंही थोडं सांगतो. कॅनबेराची जागा निवडताना पाण्याचा विचार आधी झाला होता. म्हणूनच राजधानीच्या प्रदेशात मरंबिजीची उपनदी कॉटर हिचं खोरं मुद्दाम घातलं गेलं. कॉटर धरण १९१५ चं. शहराच्या मधोमध जो तलाव फोटोत दिसतो तो मोलोंग्लो ह्या दुसऱ्या उपनदीवरचा. शहराचं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा ह्याच नदीत सोडलं जातं, आणि खाली लगेच बरिंजक धरण असल्याने त्यातला फॉस्फरस काढणारं मोठं केंद्र १९७८ पासून मोलोंग्लोच्या काठी चालू आहे. नाहीतर जलाशयात शेवाळ माजलं असतं. जे पाणी कॅनबेरात नळातून येतं, त्यातलं बरंचसं अशा रीतीने पुढे खालच्या लीटन गावाच्या शेतात पोहोचतं.

बरिंजक धरण डोंगरातल्या खिंडीत आहे. न्यू साउथ वेल्समधलं सिंचनासाठीचं हे पहिलं मोठं धरण. काम १९०७ ला सुरू झालं आणि पहिलं महायुद्ध, पैशाची चणचण, १९२५ चा पूर असं करत करत १९२८ ला आटोपलं. क्षमता १,०२६ गिगालिटर, म्हणजे ३६ टीएमसी. दुसरं धरण ट्युमटवरचं ब्लाऊरिंग, १९६८ चं, १,६२८ गिगालिटरचं, साधारण ५७ टीएमसी. पुढची सगळी नदी ह्या दोन धरणांच्या दरवाज्यांवर चालते.

ट्युमट मिळते ती गंडागायच्या थोडं वर. इथे जरा थांबायला हवं.

गंडागाय हे सिडनी-मेलबर्न रस्त्यावरचं गाव. १८३०-४० च्या दशकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी ते नदीच्या सपाट पूरमैदानातच वसवलं, कारण उतारू नदी तिथेच ओलांडत. ही भूमी विरादजुरी ह्या मूळनिवासी लोकांची. त्यांनी सांगून पाहिलं की इथे पाणी येतं. कोणी ऐकलं नाही. जून १८५२ च्या एका रात्री पाणी आलं आणि गाव धुऊन नेलं. वस्ती अडीचशेच्या आसपास, मेले ऐंशीच्या वर. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातल्या सर्वांत जीवघेण्या पुरांत आजही त्याची गणना होते. लोक छपरांवर, झाडांवर चढून बसले होते. तेव्हा यारी आणि जॅकी जॅकी हे दोन विरादजुरी पुरुष झाडाच्या सालीच्या डोंगीतून पुरात उतरले. सालीची डोंगी म्हणजे एका मोठ्या झाडाची साल अखंड सोलून टोकाशी बांधलेली. तीत एका वेळी एकच जादा माणूस मावायचा. रात्र, दिवस, पुन्हा रात्र करत त्यांनी साठाहून अधिक माणसं काठावर आणली. गाव मग वरच्या टेकडीवर हललं. त्या दोघांचा पुतळा मात्र गंडागायमध्ये उभा राहायला २०१७ साल उजाडावं लागलं. तुमची मुलगी सिडनीकडून बसने वॉगाला जात असेल तर ह्या गावावरूनच जात असणार. पूरमैदानावरून जाणारे जुने लाकडी पूल किती लांब होते ते कळलं की नदीचा खरा पैस कळतो. ह्यातला रस्त्याचा लाकडी पूल २०२१ मध्ये पाडला.

गंडागायनंतर डोंगर सुटतात आणि नदी मैदानात येते. वॉगा वॉगा हे ह्या खोऱ्यातलं, कॅनबेरा सोडलं तर, सर्वांत मोठं शहर. लोक नुसतं 'वॉगा' म्हणतात. शहराला मातीचा तटबंध आहे. ऑगस्ट १९७४ मध्ये नदी मापकावर १०.७४ मीटरला टेकली होती. मार्च २०१२ मध्ये १०.५६ ला पोहोचली आणि मध्य वस्तीतल्या सुमारे ८ हजार लोकांना घरं सोडायला लावली. तटबंध टिकला, शहर वाचलं. पण पलीकडच्या काठावरचं नॉर्थ वॉगा बुडालं, कारण तिथला बांध मुळात कमी उंचीचा. कोणाचा बांध किती उंच, हा वाद तेव्हापासून धगधगता आहे. एका काठाचा बांध वाढवला की पाणी दुसऱ्या काठावर चढतं, एवढं साधं गणित आहे, पण बैठकीत ते कोणालाच ऐकायचं नसतं.

विद्यापीठाला ज्याचं नाव आहे तो कॅप्टन चार्ल्स स्टर्ट ह्याच नदीतून होडीने खाली गेला होता, जानेवारी १८३० मध्ये. होडी सुट्या भागांत बैलगाडीवरून आणून काठावर जोडली होती. निघाल्यावर आठवड्याभरात तो मरेच्या प्रवाहात शिरला, आणि आतल्या सगळ्या नद्या अखेर कुठे जातात ह्या त्या काळच्या कोड्याचा मोठा भाग सुटला. जाता जाता: स्टर्टचा जन्म आपल्याकडचा, १७९५ चा, बंगाल इलाख्यातला. आणि ज्या वॉल्टर बर्ली ग्रिफिनने कॅनबेराचा आराखडा केला, त्यानेच खालच्या लीटन आणि ग्रिफिथ ह्या कालव्यावरच्या गावांचेही आराखडे केले. तो १९३७ मध्ये लखनौला वारला आणि तिथेच पुरला आहे. एका टोकाला बंगाल, दुसऱ्या टोकाला लखनौ. मुलीला सांगा, वर्गात सांगायला बरं.

आता माझ्या प्रांतात येतो.

वॉगाच्या खाली बेरेंबेड बंधारा आहे. इथून मुख्य कालवा उजव्या अंगाला निघतो आणि नरँडेराच्या पुढे लीटन, ग्रिफिथच्या मुलखात पाणी नेतो. ह्या लाभक्षेत्राला पहिलं पाणी १९१२ मध्ये मिळालं, म्हणजे बरिंजक पुरं होण्याच्या कितीतरी आधी. ह्या मागे सॅम्युएल मॅकॉफी नावाचा मेंढपाळ-कोट्यधीश होता; त्याने सरकारच्या आधीच आपल्या यँकोच्या जमिनीवर स्वतःचे कालवे काढून पाणी दिल्याने काय होतं ते दाखवून दिलं होतं. ग्रिफिथला पाऊस वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास. कालवा नसता तर तिथे मेंढ्या आणि गवत एवढंच असतं. आज तिथे संत्री, द्राक्षं, तांदूळ, कापूस, बदाम, अक्रोड आहेत. द्राक्षबागा आणि वाइन मुख्यतः इटालियन कुटुंबांनी उभी केली. ही माणसं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास यायला लागली. अलीकडच्या काळात पंजाबी कुटुंबंही मोठ्या संख्येने आली आहेत, आणि ग्रिफिथला दर जूनमध्ये शीख खेळांचा मेळा भरतो, त्याला देशभरातून लोक येतात. कबड्डीसुद्धा होते. वॉगाहून दोन-अडीच तासांची गाडी. मुलीने एकदा जरूर बघावा.

पाणी शेतावर मोजून कसं देत, ते मला फार आवडायचं. शेताच्या तोंडाशी सिमेंटच्या चौथऱ्यात एक जाड पत्र्याचं पिंप आडवं बसवलेलं असे, त्याला बाहेरून पंखे. पाणी आलं की पिंप फिरतं, फेरे मोजणारा आकडा पुढे सरकतो, आणि एका फेऱ्याला किती पाणी गेलं ते ठरलेलं. ह्याला डेथ्रिज चाक म्हणतात. व्हिक्टोरिया राज्यातल्या जॉन डेथ्रिज ह्या अभियंत्याने ते १९१० मध्ये काढलं. वीज नाही, पंप नाही, बिघडायला जवळपास काही नाही. रात्री चारीवरून जाताना ह्या चाकांचा संथ छप-छप आवाज एकामागून एक येत राही. आता त्यांच्या जागी सौर पट्टीवर चालणारी, मोबाइलवरून उघडणारी दारं आली आहेत. कोलियँबली ह्या १९६० च्या दशकात उघडलेल्या नव्या लाभक्षेत्राने ह्यात पुढाकार घेतला. गळती आणि वाया जाणारं पाणी ह्याने खरंच कमी झालं. जुनी चाकं शेताच्या फाटकाशी शोभेला रंगवून ठेवलेली दिसतात.

पण खरी कसोटी दाराशी नाही, धरणाशी आहे. शेतकरी आज मागणी नोंदवतो, पाणी धरणातून निघून त्याच्या चारीला यायला कित्येक दिवस लागतात, नदीच्या अगदी शेवटच्या टोकाला तर आठवडे. तेवढ्या अवधीत पाऊस पडला की सगळे मागणी रद्द करतात आणि सोडलेलं पाणी नदीत तसंच पुढे निघून जातं. त्यामुळे विसर्ग ठरवणाऱ्या माणसाचं अर्धं काम हवामानाचा अंदाज वाचण्याचं असतं. जास्त सोडलं तर वाया, कमी सोडलं तर ऐन चाळीस अंशांच्या उन्हात भात सुकणार.

पाण्याचे हक्क जमिनीपासून वेगळे आहेत आणि ते विकता येतात, हे आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा ऐकताना पचत नाही. हक्क मुख्यतः दोन प्रतींचे. वरच्या प्रतीचा हक्क फळबागा आणि गावांसाठी. बहुतेक वर्षी तो जवळपास पुरा मिळतो. दुसऱ्या प्रतीचा हक्क वार्षिक पिकांसाठी. धरणात साठा होईल तसा. पाण्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि त्यानंतर दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेच्या सुमारास सरकार जाहीर करतं की आज ह्या हक्कावर इतके टक्के. चांगल्या वर्षी हा आकडा शंभराला लागतो. दुष्काळात तो एक आकडी राहिल्याचीही वर्षं आहेत. ग्रिफिथ-लीटनच्या कुठल्याही पानाच्या ठेल्यासारख्या जागी, म्हणजे तिथल्या बेकरीत किंवा क्लबात, त्या दोन तारखांना दुसरा विषय नसतो. १९९७ ते २००९ च्या मोठ्या दुष्काळात तात्पुरत्या पाण्याचा भाव एका मेगालिटरला, म्हणजे दहा लाख लिटरला, एक हजार डॉलरच्या वर गेला होता. ज्याच्याकडे हक्क होता त्याने शेत पडीक ठेवून पाणी विकलं, आणि ज्याच्या बागा होत्या त्याने झाडं वाचवायला ते विकत घेतलं.

इथे तांदळाचा मुद्दा येतोच. कोरड्या देशात भात कशाला, असं शहरातली मंडळी विचारतात. लीटनच्या आसपास १९२४ पासून भात होतो, हेक्टरी सरासरी दहा टनांच्या घरात, जगात वरच्या क्रमांकावर. २०००-०१ मध्ये मरे आणि मरंबिजीच्या ह्या पट्ट्यात सोळा लाख टनांवर भात निघाला. २००७-०८ मध्ये तो वीस हजार टनांच्या आत होता. म्हणजे पाणी नसेल त्या वर्षी शेतकरी भात लावतच नाही. ज्या नदीचं पाणी एका वर्षी ओसंडतं आणि दुसऱ्या वर्षी दिसत नाही, तिच्यावर असं वार्षिक पीक शहाणपणाचं आहे, असं मला वाटतं. मला काळजी बदामाच्या बागांची वाटते. झाड दुष्काळातही पाणी मागतं, त्याला यंदा थांब म्हणता येत नाही. शिवाय भाताच्या उभ्या पाण्यात ऑस्ट्रेलियन बिटर्न हा दुर्मिळ होत चाललेला बगळ्याच्या कुळातला पक्षी घरटी करतो. बुजरा, तपकिरी ठिपक्यांचा, आणि संध्याकाळी लांबून बैल हुंकारल्यासारखा आवाज काढणारा. भाताच्या बांधावर उभं राहून तो ऐकणं ही चीज आहे.

मग सरकारने काय केलं? २००७ चा पाणी कायदा, आणि २०१२ चा मरे-डार्लिंग खोरे आराखडा. उद्देश एवढाच की नदीतून उचललेल्या पाण्यातलं २,७५० गिगालिटर, साधारण ९७ टीएमसी, अख्ख्या खोऱ्यात मिळून नदीला परत द्यायचं. बरंचसं शेतकऱ्यांकडून हक्क विकत घेऊन, काही कालवे सुधारून वाचवलेलं. ऑक्टोबर २०१० मध्ये ह्याचा कच्चा मसुदा घेऊन अधिकारी ग्रिफिथला आले तेव्हा लोकांनी त्याच्या प्रती सभेच्या दाराशी जाळल्या. विकणारा शेतकरी पैसे घेऊन निघून जातो. मागे राहतात ते ट्रॅक्टर दुरुस्तीवाला, शाळा, भाताची गिरणी. त्यांना कोणी काही देत नाही. हा राग मी जवळून पाहिला आहे आणि तो खोटा नाही. पण नदीच्या शेपटाला गेल्यावर दुसरी बाजूही तितकीच खरी वाटते.

ते शेपूट म्हणजे हेय गावापासून बॅलरॅनल्डपर्यंतचा मुलूख. हेयचं मैदान इतकं सपाट की क्षितिजावर एक झाड दिसलं तरी नजर तिथेच अडकते. पाऊस ३५०-३६० मिलिमीटर. इथे नदीला उपनद्या मिळत नाहीत, उलट तिच्यातून फाटे फुटतात आणि पाणी बाजूला पसरतं. उत्तरेकडून येणारी लॅकलन नदी इथवर येते खरी, पण मोठा पूर असेल तरच मरंबिजीला गाठते. एरवी ग्रेट कंबंग नावाच्या दलदलीत विरून जाते. ह्या भागाला लोबिजी म्हणतात. रिव्हर रेड गम ह्या निलगिरीच्या कुळातल्या झाडांची जंगलं, बोरूची पाणथळ, हजारोंनी घरटी करणारे अवाक (आयबिस) पक्षी आणि बगळे, आणि हिरव्या-सोनेरी रंगाचा दक्षिणी घंटा-बेडूक. ह्या सगळ्यांना दर काही वर्षांनी, वसंतात, पाणी मैदानावर चढायला हवं असतं. पक्ष्यांची पिल्लं उडायच्या आत पाणी ओसरलं तर मोठे पक्षी घरटी टाकून निघून जातात.

धरणांनी लहान-मध्यम पूर गिळले. महापूर कोणी अडवू शकत नाही, ते येतातच. जे हरवले ते दर दोन-चार वर्षांनी येणारे साधे पूर. ते आता पर्यावरणासाठी राखलेल्या पाण्यातून मुद्दाम काढावे लागतात. यँगाची मोठी मेंढ्यांची जहागीर सरकारने २००५ मध्ये घेऊन २००७ मध्ये राष्ट्रीय उद्यान केलं. शेजारची ८५ हजार हेक्टरांच्या आसपासची गायिनी ही जमीन आता नारी नारी ह्या मूळनिवासी लोकांच्या मंडळाकडे आहे. ते जुने सिंचनाचे बांध वापरूनच, किंवा काही ठिकाणी फोडून, पाणी पसरवतात. पाटबंधाऱ्यातल्या माणसाला हे बघायला मजा येते: जी चारी पाणी पळवायला खणली, तीच आता दलदल भरायला.

पूर फार वर्षांनी आला तर त्याचाही त्रास होतो. रेड गमखाली पाचोळ्याचे थर साचलेले असतात. ते एकदम भिजले की पाणी चहासारखं काळं होतं, कुजताना त्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. २०१६ आणि २०२२ च्या पुरांनंतर खालच्या पट्ट्यात हे घडलं. मरे कॉड हा इथला मानाचा मासा, माणसाएवढा वाढू शकणारा. त्याला वसंतात अंडी घालायला कोमट पाणी लागतं, आणि धरणाच्या तळातून सुटणारं पाणी भर उन्हाळ्यातही थंडगार असतं. धरणाच्या दाराला वरच्या थरातलं पाणी घेण्याची सोय नंतर जोडायची तर प्रचंड खर्च, म्हणून हा प्रश्न रेंगाळतो. त्यात परदेशी कार्प माशाने तळ ढवळून पाणी गढूळ करून ठेवलं आहे. शेवटी बाउंडरी बेंडजवळ नदी मरेला मिळते, तेव्हा तिथे पोहोचणारी धार वॉगातल्या धारेच्या मानाने बरीच किरकोळ असते.

आता कामाचं. वॉगाच्या काठाला वाळू आहे, तिला वॉगा बीच म्हणतात, आणि डिसेंबर-जानेवारीत विद्यार्थी तिथे पोहायला जातात. वर सांगितलेली उलटापालट इथे जिवाशी येते. बाहेर चाळीस अंश, म्हणून वाटतं नदी उथळ आणि कोमट असेल. प्रत्यक्षात तेव्हाच सिंचनाचा विसर्ग चालू असतो. पाणी थंड, ओढ जोरदार, आणि पाण्याखाली पडलेल्या रेड गमच्या फांद्या. दोराने झाडावरून उडी मारायची तिथे पद्धत आहे, ती मुलीने टाळावी. पातळी बघायची असेल तर हॅम्पडेन पुलाजवळच्या मापकाची नोंद हवामान खात्याच्या संकेतस्थळावर दिवसभर दिसते. पूल २०१४ मध्ये पाडला, पण मापकाचं नाव तेच राहिलं आहे. नदी नुसती बघायची असेल तर ऑक्टोबरात जावं: वरच्या डोंगरात बर्फ नुकतं वितळलेलं असतं, लीटनला भात पेरणी चालू होते, आणि पाऊस बरा झालेला असेल तर यँगाच्या जंगलात घोट्याएवढं पाणी आणि पक्ष्यांचा नुसता कलकलाट असतो.